केडगावची कारखानदारीण

आमच्या चुडाव्याकडे दुष्काळ म्हटला की लोकांना एकच साल आठवते, ते १९७२ चे. माझा जन्म त्यानंतरचा; पण आईच्या तोंडून त्या सालाच्या गोष्टी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्या मी स्वतःच पाहिल्या की काय, असा मला कधी कधी भ्रम होतो. आई त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांची. सरकारी कामावर खडी फोडायला जाई. उन्हाने तापलेले दगड, हातावर आलेले फोड, दुपारी ओंजळीत मिळणारी सुकडी, हे सगळे ती सांगते; परंतु शेवट मात्र ती नेहमी एकाच वाक्याने करते. "दुष्काळानं घरातलं समदं नेलं, माय, पर मजुरी माह्या हातावर पडली." त्या सालाबद्दल बरे बोलण्यासारखे तिच्यापाशी एवढेच आहे, आणि ते सांगताना तिचा चेहरा उजळतो हे मी अनेकदा पाहिले आहे.

हे सारे आठवण्याचे कारण असे घडले की, गेल्या साली गावातल्या बचत गटाच्या बायकांनी मला आपल्या बैठकीला बोलावले. शाळेच्या व्हरांड्यातच त्या जमतात. गटाच्या मनात लाकडी घाणा टाकावा असा विचार घोळत होता. करडई आणि तीळ आमच्या भागात पिकतात. मग तेल बाहेरून का आणायचे, असा त्यांचा साधा हिशोब. पण जागा कुणाच्या नावावर, कर्जाच्या कागदावर सही कुणाची, आणि तोटा आला तर घरी काय सांगायचे, येथे येऊन गाडे अडत होते. त्यांतली एक पोक्त बाई मला म्हणाली, "बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. आम्हाला कारखाना चालवलेल्या एखाद्या बाईची गोष्ट सांगा. पण खरी सांगा, कादंबरीतली नको."

मी त्यांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. नाव काढताच एकीने कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजे ती किरिस्ताव झालेली?" होय, तीच. आणि ती तशी झाली नसती तर तिने कारखाना काढला असता की नाही, हाच माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. त्या दिवशी व्हरांड्यात जे थोडक्यात बोलले, तेच येथे जरा विस्ताराने मांडते.

रमाबाईंची आपली ओळख शाळेच्या पुस्तकातली. १८५८ साली जन्म, संस्कृतचे अगाध ज्ञान, कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, विधवांसाठी शारदा सदन, मग धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ. येथे पुस्तक मिटते. जणू धर्मांतरानंतर त्या कोणत्याशा अंधाऱ्या खोलीत जाऊन बसल्या! वस्तुतः त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्यानंतरचेच आहे, आणि ते केवळ समाजसेवेचे काम नव्हते. जमीन घेणे, विहिरी खणणे, माग बसवणे, गुरे पाळणे, तेल गाळणे, छापखाना उभारणे, आणि या सर्वांचा हिशोब सातासमुद्रापलीकडे पाठवणे, असे ते काम होते. एखाद्या पुरुषाने हे केले असते तर आपण त्याला बेधडक कारखानदार म्हटले असते.

या कारखानदारीचे मूळ शोधायचे तर केडगावच्या मागे जावे लागते, थेट त्यांच्या पोरवयातल्या दुष्काळापर्यंत. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी लोकांचा रोष पत्करला होता. पुढे सारे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरू लागले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे आणि लोक देतील त्यावर गुजारा करावा. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत अन्नान्नदशा झाली तेव्हा पुराण ऐकायला कोण येणार? रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत एक गोष्ट त्यांनी अगदी न लाजता सांगितली आहे. भीक मागायला मन होईना, अंगमेहनतीचे काम करण्यात कमीपणा वाटे, आणि प्रामाणिकपणे पोट भरावे अशी एकही कला घरात कुणाला येत नव्हती. रानातला पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. वडील, आई आणि बहीण थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. उरले दोघे, रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास.

हजारो श्लोक मुखोद्गत असलेले एक घर उपाशी मरते आणि त्या घरात कुणाला साधे सूत विणता येत नाही! रमाबाईंच्या चरित्रात विद्येची थोरवी सगळेच सांगतात. पण विद्येचे हे दिवाळे त्यांनी स्वतः पाहिले होते. पुढे केडगावात आलेल्या प्रत्येक मुलीला अक्षराबरोबर काही ना काही हाताचे काम शिकवायचेच, हा जो त्यांचा हट्ट होता, त्याचे बीज येथे असले पाहिजे अशी माझी समजूत आहे.

मधली वर्षे भराभर सांगते. १८७८ साली कलकत्ता. १८८० साली भावाचा मृत्यू आणि त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह. १८८१ साली मनोरमेचा जन्म. १८८२ साली पती पटकीने गेले. त्याच साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंड, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा. लोकांना वाटते, तेथे त्यांनी एक गुरू सोडला आणि दुसरा केला. तसे मुळीच नाही. वाँटेजच्या ज्या भगिनींच्या आश्रयाने त्या राहत होत्या त्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली मुंबईत पुस्तकरूपाने छापला गेला. त्यात ही पंचविशीतली विधवा पाद्री-बिशपांशी मुद्द्याला मुद्दा भिडवून वाद घालताना दिसते. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच खाली ठेवले आहे, दुसऱ्याचे खांद्यावर घ्यायची माझी तयारी नाही, असा त्या पत्रांचा एकंदर सूर. ख्रिस्तावर श्रद्धा आहे, परंतु ती कशी ठेवावी हे मी ठरवीन! पुढे त्यांनी जे काही उभारले ते कोणत्याही एका चर्चच्या हुकमतीखाली नव्हते, याचे कारण हे असे मुळातच आहे.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाचे. गेल्या काही दिवसांसाठी, आणि राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. तेथे त्यांनी बायकांच्या सभा पाहिल्या. ज्यांत अध्यक्ष बाई, चिटणीस बाई आणि खजिनदारही बाई! दारूबंदीसाठी झटणारी ख्रिस्ती स्त्रियांची संघटना फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखाली त्या काळी केवढे काम करीत होती. प्रार्थनेने सभा सुरू होई आणि जमाखर्च वाचून संपे. प्रार्थना आणि जमाखर्च एका बैठकीत बसू शकतात, हे त्यांनी तेथे पाहिले. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेवर जे मराठी पुस्तक लिहिले, त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर जसे प्रकरण आहे तसेच व्यापार-उद्योगावरही आहे. मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ झाली. परदेशातल्या बाजाराकडे आणि कामधंद्याकडे इतक्या बारकाईने पाहणारी मराठी लेखिका त्या काळी दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

शिवाय स्वतःचे पहिले भांडवल त्यांनी याच मुक्कामात कमावले. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीची दैना सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात निघाले, त्याच्या हजारो प्रती खपल्या, आणि त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे मदत देण्याचा तिने करार केला. अट एवढीच की, शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती असू नये.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. १८९३ साली काय झाले तेही ठाऊक आहे. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, काही मुली तेथे जाऊन बसत. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती खरे, यावर मराठीत इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालीत नाही. मला त्यातली एकच गोष्ट येथे हवी आहे. पुण्यातला आधार तुटला होता आणि अमेरिकेच्या दहा वर्षांतली निम्मी वर्षे सरत आली होती. पुढे काय खायचे?

अशा वेळी रमाबाईंनी शेत घेतले.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव स्टेशनजवळ सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी अमेरिकेहून आलेल्या पैशांतून खरेदी केली. कल्पना अशी की, येथे आंबा, संत्री, लिंबे यांची बाग लावायची. ती फळाला येईपर्यंत दहा वर्षांची मुदत संपेल, आणि मग बागेच्या उत्पन्नावर शाळा चालेल. जमीन ओसाड होती, पाणी खोल होते. पण स्टेशन जवळ होते. आमचे चुडावाही स्टेशनाचे गाव असल्यामुळे मला याचे महत्त्व कळते. निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद लाईन झाली ती १९०० च्या सुमारास. तोपर्यंत आमच्याकडचा माल बैलगाडीने किती दिवस कुठे कुठे फिरे याच्या कथा म्हाताऱ्या माणसांनी सांगाव्यात. जिला फळे विकायची आहेत तिने शेत रुळाजवळच घ्यावे. रमाबाईंनी तेच केले.

बायबलात नीतिसूत्रांचे पुस्तक आहे, त्याच्या अखेरच्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे वर्णन येते. आपल्याकडे सद्गुणी स्त्री म्हटले की मान खाली घातलेली, तुळशीला पाणी घालणारी बाई डोळ्यांपुढे येते. या अध्यायातली बाई शेताची पारख करून ते विकत घेते, आपल्या कमाईतून मळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना विकते, आणि रात्री तिचा दिवा विझत नाही! नव्या करारातही जांभळी वस्त्रे विकणारी थुवतीरा गावची लुदिया आहे. फिलिप्पै शहरात पौलाचे म्हणणे प्रथम तिनेच मानले आणि आपले घर त्याला उघडून दिले. रमाबाईंनी शेत घेतले ते हा अध्याय वाचून घेतले, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या ग्रंथाला त्या प्रमाण मानीत, त्यात धंदा करणारी बाई देवाची लाडकी ठरू शकते, ही गोष्ट त्यांना बळ देणारी होती खास.

बाग मोठी होण्याच्या आत दुष्काळ मोठा झाला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात लोक किड्यामुंग्यांसारखे मरू लागले, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि मुली व तरुण विधवा मिळून सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या. लहानपणचा पाला त्या विसरल्या नव्हत्या. पुण्यात प्लेग सुरू होता, नव्या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. प्रथम राहुट्या, मग चाळीसारख्या इमारती. १८९८ साली 'मुक्ती'ची रीतसर स्थापना झाली. तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला, गुजरातेत ज्याला छप्पनिया म्हणतात तो. आमच्या मराठवाड्यालाही त्याने सोडले नव्हते. त्या वेळी गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या, आणि केडगावात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार! आमच्या शाळेत दुपारच्या खिचडीला दोनशे मुले बसतात तर केवढी धांदल उडते, ती मी रोज पाहते. येथे दोन हजार जणींना दोन वेळा जेवण, अंगावर कपडा, डोक्यावर छप्पर. आणि बहुतेकींना घर नाही, अक्षर नाही, धंदा नाही.

त्या धंद्यांची यादी रमाबाईंच्या अहवालांत सापडते. शेत आणि बाग, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, कपडे धुण्याचे काम, पाव भाजणे, विणकाम, लेस आणि कशिदा, वेताचे काम, धान्य भाजणे, भांड्यांना कल्हई करणे, कापड रंगवणे. ही यादी मी व्हरांड्यात वाचून दाखवली तेव्हा बायका हसू लागल्या. कारण विचारले तेव्हा एक म्हणाली, "बाई, ह्ये तर समदे बलुतं-अलुतंच झालं की!"

तिच्या हसण्याने माझे डोळे उघडले. खरेच, ही यादी म्हणजे गावगाड्याची यादी आहे. तेलाचा घाणा तेल्याचा, धुणे परटाचे, विणणे साळ्या-कोष्ट्याचे, दाणे भाजणे भडभुंज्याचे, रंग रंगाऱ्याचा. प्रत्येक धंद्यात बाई राबत होतीच; घाण्याभोवती बैल हाकणारी, सुताच्या कांड्या भरणारी, नदीवर बडवणारी तीच. पण धंदा जातीचा होता, आणि जातीतही पुरुषाचा होता. आपली भाषाच पाहा. तेलीण म्हणजे कोण? तेल्याची बायको. परटीण म्हणजे परटाची बायको. तिला स्वतःच्या कामावरून नाव मिळालेले नाही. केडगावात हे सारे धंदे जातीच्या खुंटीवरून काढले गेले आणि ज्या मुलीच्या हाताला जो साधेल तो तिला दिला गेला. पुण्याच्या शारदा सदनात ब्राह्मण मुलींचा स्वयंपाक वेगळा असे, जातीचे नियम पाळण्याची मुभा असे. केडगावच्या पंक्तीत ती गोष्ट राहिली नाही. ज्या श्रद्धेमुळे रमाबाई पुण्याला परक्या झाल्या, त्याच श्रद्धेने ही पंगत एक केली; आणि पंगत एक झाल्याशिवाय घाण्यावर ब्राह्मणाची मुलगी आणि पुस्तकापाशी कुणब्याची किंवा महाराची मुलगी बसणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून मी मघाशी म्हटले की, धर्मांतर वगळून या कारखान्याचा विचार करता येत नाही. कारखानदारीण या शब्दाचा अर्थही कुणी कारखानदाराची बायको असा करील म्हणून येथेच सांगून टाकते, तसा अर्थ मला अभिप्रेत नाही.

व्यवस्थाही बायकांचीच होती. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या विधवा आता शिक्षिका झाल्या, मुलींच्या गटांवर देखरेख करणाऱ्या मेट्रन झाल्या. अंध मुलींसाठी निराळी व्यवस्था होती. फसलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले, त्याही कामाला लावल्या गेल्या.

आता पैशाची गोष्ट. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र वाचले होते. त्याने अनाथ मुलांची मोठमोठी गृहे चालवली आणि कुणा माणसाकडे कधी पैसा मागितला नाही, फक्त देवाकडे मागितला, अशी त्याची ख्याती. हडसन टेलरच्या चीनमधल्या मिशनचेही तसेच. हिंदुस्थानात हे का जमू नये, असे रमाबाईंना वाटले, आणि त्या त्याच वाटेने गेल्या. वाचकांना ही गोष्ट भाबडी वाटेल. मलाही वाटली होती. पण देवावर हवाला ठेवणारी ही बाई विहिरी खणायची थांबत नाही, मोटेचे बैल विकत घ्यायचे थांबत नाही, आणि पैशांचा हिशोब अमेरिकेला पाठवायचेही थांबत नाही. दरसाल असोसिएशनचा अहवाल निघे आणि त्यात आकडे असत. पैसा आपला नाही, देवाचा आहे, असे एकदा मानले की पै-पैचा जाब देणे आलेच. आमच्याकडे देवस्थानचे हिशोब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातला फरक समजेल.

मात्र एक गोष्ट लपवू नये. केडगाव आपल्या धंद्यांवर कधीच पूर्ण उभे राहिले नाही. फळबागेवर शाळा चालवण्याचा बेत दोन हजार तोंडांपुढे टिकणे शक्यच नव्हते. मोठा भार देणग्यांवर होता, आणि देणग्या मुख्यतः परदेशातून येत. मुलींच्या कामातून त्यांच्या पोटाचा काही भाग भागतो, एवढेच रमाबाईंनी म्हटले आहे. हे मी घरी आईला सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, "मंग मजुरी त्यांच्या हातावर पडत न्हवती?" मी म्हटले, काम संस्थेचे, जेवणखाण संस्थेचे. "म्हंजे हातावर न्हाई, ताटात पडत व्हतं," ती म्हणाली आणि शेंगा निवडू लागली.

दुसरा आक्षेप याहून जुना आहे. भुकेल्या पोरीला भाकरी द्यायची आणि भाकरीबरोबर धर्म द्यायचा, हे न्यायाचे आहे काय? केडगाव उघडउघड ख्रिस्ती होते. १९०५ साली तेथे धर्मजागृतीची मोठी लाट आली, शेकडो मुली रात्ररात्र प्रार्थना करीत. दहा वर्षांच्या निराधार मुलीने धर्म निवडला असे कसे म्हणावे? मी शिक्षिका आहे, त्या वयाची मुले मला ठाऊक आहेत. ज्याने जेवू घातले त्याचे सारेच त्यांना खरे वाटते. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. त्या काळातही तो घेतला गेला, आणि नुसता घेतला गेला असे नाही. लाला लजपतराय आणि त्यांच्या आर्यसमाजी सहकाऱ्यांनी त्याच दुष्काळांत अनाथ मुले मिशनऱ्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून स्वतः कंबर कसली. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि शिवण, शुश्रूषा, अध्यापन यांचे शिक्षण बायकांना मिळू लागले. पहिल्या रमाबाईंशी ज्यांचे पटले नाही, त्यांनाही हे काम हाती घ्यावे लागले. आक्षेप खरा, आणि त्या तीनशे मुली मध्य प्रांतातल्या रस्त्यांवरून त्या वेळी याच बाईने उचलून आणल्या हेही खरे. यांतले एक सांगून दुसरे झाकणारे लेखक दोन्ही बाजूंना आहेत.

मला स्वतःला सर्वांत ओढ लागते ती छापखान्याची. विसाव्या शतकाच्या आरंभीच केडगावात छपाई सुरू झाली. तेथून 'मुक्ती प्रेअर बेल' हे इंग्रजी पत्रक निघे आणि देशोदेशी जाई. पण छापखान्याचे खरे काम म्हणजे बायबल. आधीची मराठी भाषांतरे रमाबाईंना संस्कृतप्रचुर वाटत. स्वतः संस्कृत पंडिता असून त्यांना ती नको होती, कारण शेतातून आलेल्या मुलींना ती कळत नसत. मूळ ग्रंथ वाचता यावा म्हणून उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ एकहाती भाषांतर करीत राहिल्या. तिकडे त्या लिहीत आणि इकडे मुली खिळे जुळवीत.

खिळ्यांचा छापखाना ज्यांनी पाहिला नसेल त्यांना हे काम केवढे, ते कळायचे नाही. इंग्रजीला अक्षरे सव्वीस. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे धरून खिळ्यांचे प्रकार काही शेकडे होतात, आणि त्या प्रत्येकाचे घर कुठे आहे हे बोटांना पाठ असावे लागते. अक्षर उलटे, ओळ उलटी. एक मात्रा निसटली की शब्द फिरतो, आणि येथे तर धर्मग्रंथ. फिरलेला शब्द म्हणजे पाप! जुळवायचे, प्रूफ काढायचे, वाचायचे, दुरुस्त करायचे, छापायचे, खिळे धुऊन पुन्हा आपापल्या घरात टाकायचे, मग पाने दुमडायची, शिवायची, बांधायची. हे सारे केडगावात बायकांनी केले. ज्यांच्या आयांना अक्षर ओलांडायची भीती वाटे त्या मुली अक्षरांच्या घरांपुढे उभ्या राहून ती हवी तशी मांडीत होत्या. तेलीण आणि परटीण या शब्दांविषयी मी वर लिहिले. कंपोझिटर या शब्दाला जात नाही आणि नवराही नाही.

१९१२ साली रमाबाईंनी निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली आणि ती मनोरमेच्या हाती दिली. गुलबर्गा आणि परभणी त्या वेळी एकाच राज्यातले जिल्हे, म्हणून एवढा एक धागा आमच्यापर्यंत येतो. सारे काम पुढे मनोरमेनेच चालवायचे होते. १९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. पण १९२१ च्या जुलैत मनोरमा चाळिशीतच वारली. आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या बायबलाची प्रुफे तपासत होत्या. त्यांच्या पश्चात केडगावची सूत्रे परदेशी मिशनरी बाईंकडे गेली. हजारो हात तयार झाले होते, शिक्षिका झाल्या होत्या, मेट्रन झाल्या होत्या. त्यांच्यातून मुख्याच्या जागी बसेल अशी एकही त्या क्षणी पुढे आली नाही, किंवा आणली गेली नाही. मला या साऱ्या कहाणीत मुलींच्या बाप्तिस्म्याहून ही गोष्ट अधिक सलते. रमाबाईंनी कुणाचे जोखड मानले नाही, पण त्यांच्यासारखी न मानणारी दुसरी त्यांच्या हाताखाली वाढू शकली काय? बहुधा त्यांच्या छायेत ते अवघड होते. छापखाना मात्र थांबला नाही. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले.

हे सांगून मी थांबले तेव्हा अंधार पडू लागला होता. धर्माविषयी कुणीच काही विचारले नाही. कपाळाला आठ्या घालणारी जी होती तिने विचारले, "ती शंभर एकर जमीन कुणाच्या नावावर घेतली होती?" मग घाण्याची जागा गटाच्या नावावर करता येते का, त्याला ठराव लागतो का, आणि सासऱ्याची संमती लागते का, यावर बोलणे सुरू झाले. नांदेडकडची गाडी येऊन गेली तरी ते चाललेच होते. मला वह्या तपासायच्या होत्या म्हणून मी उठले. माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.